सुट्टीतील रानवाटा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शाळांना सुट्टी लागली की मुलाबाळांसह जंगलात पायी फिरायला कुठे जावे आणि काय काळजी घ्यावी, याविषयी पत्रे येऊ लागतात. त्यांपैकी ज्यांची उत्तरे इतर कुटुंबांनाही उपयोगी पडतील अशी पत्रे संक्षेप करून येथे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या घरात ६ आणि १० वर्षांची दोन मुले आणि ६८ वर्षांच्या सासूबाई आहेत. दर सुट्टीत एखाद्या गडावर जाण्याचा बेत ठरतो आणि निम्म्या वाटेवरून मागे फिरावे लागते, त्यामुळे सगळ्यांचाच विरस होतो. या मे महिन्यात मुलांना गड नव्हे, तर जंगल दाखवावे असे वाटते. सासूबाईंनाही घेऊन कुठे जाता येईल?
— वाचक, ठाणे

उत्तर : आपला विचार योग्य आहे. गडाची वाट चढणीची, बहुतेक ठिकाणी उघड्या कातळावरून जाणारी असते आणि माथा गाठल्याखेरीज गेल्याचे समाधान मिळत नाही. जंगलातल्या वाटेला असा माथा नसतो. अर्ध्या तासाने मागे फिरले तरी जे पाहिले ते पाहिलेच असते, आणि म्हणूनच आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी एकत्र जायचे असेल तर गडापेक्षा जंगल केव्हाही सोयीचे.

मे महिन्यापुरते बोलायचे तर आपल्यासाठी माथेरान सर्वांत चांगले. १८५० मध्ये ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ही जागा हेरली, तेव्हापासून तिची ओळख थंड हवेचे ठिकाण अशीच राहिली आणि तिथले जंगल बाजूला पडले. सुमारे ८०० मीटर उंचीवरचा हा माथा आजही दाट सावलीचा आहे, आणि दस्तुरी नाक्यापुढे खासगी वाहनांना बंदी असल्यामुळे लहान मुलांना हात सोडून चालू देता येते, ही सोय महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही गिरिस्थानावर सहसा मिळत नाही. सासूबाईंना दस्तुरीपासून चालणे जड जाणार असेल तर जवळच्या अमन लॉज स्थानकावरून गावापर्यंत छोट्या गाडीची शटल सेवा असते. नेरळहून वर येणारी हीच गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. मुलांना तिचे अप्रूप वाटेल, पण तिच्या तिकिटासाठी सकाळचा वेळ रांगेत घालवू नये, कारण जंगलासाठी तोच वेळ मोलाचा असतो.

पॉइंट पाहत घोड्यावरून फिरण्याची तिथली रूढ पद्धत आपण टाळावी. शार्लोट तलावाकडे आणि पिसारनाथाच्या देवळाकडे जाणारी वाट सकाळी सहा-साडेसहाला धरली तर बाजारपेठेतील गर्दी जागी होण्यापूर्वी दीड-दोन तास निवांत मिळतात. जांभूळ, हिरडा आणि अंजनी ही तिथली मुख्य झाडे होत. अंजनीला उन्हाळ्यात थेट फांद्यांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे झुपके लागतात, ते मुलांना आवर्जून दाखवावेत. दक्षिणेकडच्या अलेक्झांडर आणि रामबाग पॉइंटच्या वाटाही सावलीच्या आहेत, मात्र कड्यापाशी सर्वत्र कठडे असतीलच असे धरून चालू नये आणि ६ वर्षांच्या मुलाचा हात तिथे सोडू नये. तिथली तांबडी धूळ कपड्यांवरून सहजी निघत नाही, तेव्हा पांढरे कपडे घरीच ठेवावेत. माकडांची गोष्ट वेगळीच आहे. हातात खाऊची पिशवी दिसली की ती हिसकावतात, म्हणून खाण्याचे पदार्थ पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवावेत आणि कौतुकानेही एखादा दाणा त्यांच्यापुढे टाकू नये. माकडे धीट झाली ती अशाच कौतुकामुळे.

कर्नाळ्याचे नाव आपल्याला कुणी ना कुणी सुचवीलच, कारण ते पनवेलपासून जवळ आहे. ते पक्ष्यांचे अभयारण्य असून हिवाळ्यात अतिशय सुंदर असते, पण मेमध्ये तिथला दमटपणा लहानांना आणि वडीलधाऱ्यांना सोसत नाही. शिवाय किल्ल्यावर जाणारी वाट अंगावरची आहे आणि सुळक्याला मधमाश्यांची पोळी असतात. तो बेत नोव्हेंबरनंतर करावा. घराजवळ हवे असेल तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहेच. शंभराहून अधिक लेणी असलेल्या कान्हेरीपर्यंत आतल्या वाहनाने जाऊन थोडेसे पायी फिरणे आपल्या सर्वांना जमेल. आतल्या रानवाटांवर मात्र वन विभागाच्या मार्गदर्शकासह नाव नोंदवूनच जाता येते, आणि उद्यान सोमवारी बंद असते.

भीमाशंकर मी मुद्दाम शेवटी ठेवले. समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवरचे ते सदाहरित जंगल आणि त्यातले शेकरू मुलांनी पाहायलाच हवे. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. झाडांच्या शेंड्यांवरून तो क्वचितच जमिनीवर उतरतो आणि काटक्या व पाने रचून फांद्यांच्या टोकाशी मोठी गोल घरटी बांधतो. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधून ठेवतो, त्यामुळे प्राणी दिसला नाही तरी घरटे हमखास दिसते. देवळामागून गुप्त भीमाशंकराकडे जाणारी वाट छोटी आणि सावलीची आहे. मात्र श्रावण, महाशिवरात्र आणि जोडून आलेल्या सुट्ट्या वगळून, आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि पुण्याकडच्या डांबरी रस्त्यानेच जावे. कर्जतजवळच्या खांडस गावातून वर येणारी शिडी घाटाची वाट कितीही सुंदर असली, तरी ती लहान मुलांसाठी नाही.

प्रश्न : ७ वर्षांच्या मुलीला जंगलात किती किलोमीटर चालवावे? सोबत काय न्यावे आणि वाट चुकल्यास काय करावे?
— वाचक, पुणे

उत्तर : किलोमीटर मोजू नयेत, वेळ मोजावा. पक्क्या रस्त्यावर तासाला तीन-चार किलोमीटर सहज चालणारे मूल जंगलात थांबत, वाकून पाहत, प्रश्न विचारत तासाला दीड किलोमीटर चालते, आणि जंगलात जाण्याचे कारणच मुळी ते थांबणे असते. म्हणून निघण्यापूर्वीच मागे फिरण्याची वेळ ठरवून ती सर्वांना सांगावी. सकाळी साडेसहाला निघालात आणि साडेआठ ही वेळ ठरली, तर साडेआठ वाजता आपण जिथे असाल तिथून फिरावे, मग पुढे "दहाच मिनिटांवर" धबधबा आहे असे कुणी कितीही सांगितले तरी. मुलांचा दम जातानाच्या उत्साहात कळत नाही, तो येताना कळतो. उन्हाळ्यात साडेदहाच्या आत सावलीत आणि पाण्यापाशी परतावे. डिसेंबरमध्ये पुण्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पण दाट झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच पायाखालचे दिसेनासे होते, तेव्हा दुपारी निघण्याचा बेत असल्यास पाचच्या आत बाहेर येण्याचा हिशेब धरावा.

पायात पूर्ण बंद आणि तळाला खाचा असलेले बूट हवेत. नवे कोरे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. पूर्ण लांबीची सुती विजार आणि पूर्ण बाह्यांचा अंगरखा हा ऊन, काटे आणि किडे या तिन्हींवरचा उपाय आहे. खाजकुइलीच्या शेंगांवरची लव नुसती वाऱ्यानेही अंगावर आली तरी मूल रडकुंडीला येते. अशा वेळी अंग चोळू नये, चिकटपट्टी दाबून लव उचलून काढावी आणि मग भरपूर पाण्याने धुवावे. प्रत्येक मोठ्या माणसामागे दोन तासांसाठी किमान एक लिटर पाणी, मुलांसाठी वेगळी बाटली, मीठ-साखर-लिंबू किंवा जलसंजीवनीची पाकिटे एवढे पुरे. खाण्यासाठी दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर, काकडी असे काही असावे. चकचकीत पाकिटातले पदार्थ नेलेच, तर ती पाकिटे मोजून नेऊन मोजून परत आणण्याचे काम मुलीकडेच सोपवावे. मुले हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात.

चालताना वाट माहीत असलेला माणूस पुढे, त्याच्या लगेच मागे सर्वांत सावकाश चालणारी व्यक्ती आणि शेवटी एक जबाबदार मोठा माणूस, हा क्रम मोडू नये. फाटा आला की शेवटचा माणूस येईपर्यंत सर्वांनी थांबावे. मुलीच्या गळ्यात शिट्टी द्यावी आणि घरून निघतानाच तिला सांगावे, की आपण दिसेनासे झालो तर धावायचे नाही, रडत शोधायचे नाही, जवळच्या एका मोठ्या झाडापाशी बसायचे आणि थांबून थांबून तीन वेळा शिट्टी वाजवायची. मोठ्यांनीही वाट चुकल्याचे लक्षात येताच पुढे रेटू नये, ओळखीच्या शेवटच्या खुणेपर्यंत मागे यावे. ओढ्याच्या कडेकडेने खाली गेले की गाव लागते, हा समज सह्याद्रीत घातक आहे, कारण इथला ओढा बहुधा कड्यावरून उडी घेतो. भ्रमणध्वनीला आत रेंज नसते, त्यामुळे कुठे जातो आणि किती वाजता परततो हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघावे.

आणि वाटाड्या घ्यावाच. अनेक अभयारण्यांच्या प्रवेशद्वाराशी गावातलेच तरुण ठरलेल्या दरात वाटाडे म्हणून मिळतात. चारशे-पाचशे रुपये वाचवायचे म्हणून त्यांना टाळणारे लोक मला समजत नाहीत. एवढे पैसे वाटेतल्या हॉटेलात एका न्याहारीवर जातात.

प्रश्न : आम्ही नागपूरचे. ताडोबात गाडीतून सफारी अनेकदा झाली. मुलांसह वाघाच्या जंगलात पायी फिरता येते का?
— वाचक, नागपूर

उत्तर : व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात नाही. तिथे ठरवून दिलेल्या जागा सोडल्यास गाडीतून उतरण्यासही मनाई असते, आणि कुटुंबासह गेलेल्यांनी ही मनाई गैरसोयीची न मानता मोकळ्या मनाने पाळावी. बफर क्षेत्रात, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, वन विभागाने काही ठिकाणी पायवाटा आखल्या आहेत. तिथे प्रवेशद्वारावर नोंद करून, विभागाच्या मार्गदर्शकासह आणि त्याने सांगितलेल्या वेळेतच जावे. ताडोबा मंगळवारी बंद असते आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील सफारीही थांबते, तेव्हा तारखा आधी पाहाव्यात.

पायी फिरण्याची हौस भागवायची असेल तर मेळघाटाचा विचार करा. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी तो एक असला, तरी त्याच्या काठावरचे चिखलदरा हे मुक्कामाचे गाव आहे. सुमारे १,१०० मीटर उंचीमुळे विदर्भाच्या उन्हाळ्यातही तिथल्या सकाळी सुसह्य असतात. सेमाडोह आणि कोलकास ही सिपना नदीकाठची ठिकाणे असून तिथे वन विभागाच्या निवासव्यवस्था आहेत. कोरकू वाटाड्यासोबत परवानगी असलेल्या भागात तासभर चालणे हे सफारीच्या चार फेऱ्यांहून अधिक शिकवते, असे माझे मत आहे.

मोहाच्या हंगामात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे रानात शिरू नये. त्या वेळी मोहाची फुले पडतात, ती वेचायला गावकरी निघतात आणि तीच फुले खायला अस्वलेही येतात. या भागातली जाणती माणसे वाघापेक्षा अस्वलाला अधिक जपून असतात, कारण वाघ बहुधा माणसाची चाहूल लागताच बाजूला होतो, अस्वल मात्र खाण्यात गुंतलेले असते आणि अचानक समोर आलेल्या माणसावर धावून जाते. बिबट्याच्या प्रदेशात, मग तो जुन्नर असो की बोरिवली, संध्याकाळ होण्यापूर्वी बाहेर पडावे, मुलांना मध्ये ठेवावे आणि कुणालाही एकट्याने झुडपाआड बसू देऊ नये. प्राणी समोर आलाच तर पाठ फिरवून धावायचे नाही. लहान मुलाला उचलून घ्यावे, हात वर करून आणि मोठ्याने बोलत सावकाश मागे सरावे.

एवढे करूनही मुलांच्या आजीचा जीव थाऱ्यावर राहत नसेल, तर नागपुरातल्या अंबाझरी जैवविविधता उद्यानापासून सुरुवात करावी.

प्रश्न : पावसाळ्यात दोन-तीन दिवस आंबोलीला जाण्याचा बेत आहे. जळवा, पाऊस, निसरडे यांची भीती वाटते. मुलांना न्यावे का?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : न्यावे. आंबोलीचे खरे रूप पावसातच दिसते. रात्री विजेरीच्या उजेडात बेडूक पाहण्यासाठी तिथे देशभरातून अभ्यासक येतात. आंबोलीच्या परिसरातच सापडणारा पिवळसर चट्ट्यांचा छोटा भेक आणि झाडावरून झाडावर तरंगत जाणारा हिरवा मलबार बेडूक मुलांना दाखवावा, पण हातात घेऊ देऊ नये. बेडकाची कातडी ओलसर आणि नाजूक असते, आणि आपल्या हातावरची डास पळवण्याची मलमे तिला अपायकारक ठरतात.

जळवांचा बाऊ करण्याचे कारण नाही. जळू रोग देत नाही, दुखवतही नाही, आणि पुढचे तोंड टेकवून, मागचा भाग ओढून घेत, पुन्हा पुढे ताणत ती बुटावर कशी चढते हे एकदा शांतपणे पाहिले की मुलांची किळस निम्मी ओसरते. ती चिकटली तर ओढू नये, काडी पेटवून जाळूही नये. तिच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवून आधी ते सोडवावे, मग दुसरे टोक. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, म्हणून जखम एवढीशी असूनही रक्त बराच वेळ वाहते. तिथे स्वच्छ कापड दाबून धरावे. विजार मोज्यात खोचावी आणि मोज्यांवर खोबरेल तेल चोळावे. गावकरी मिठाची पुरचुंडी काठीला बांधून ती बुटांवरून फिरवतात, तोही उपाय चालतो, पण मीठ जखमेवर आणि ओढ्यात जाऊ देऊ नये.

भीती बाळगायची ती पाण्याची. आपल्या डोक्यावर ऊन असते आणि वर घाटमाथ्यावर ढग फुटलेले असतात, त्यामुळे गुडघाभर ओढा काही मिनिटांत कमरेपर्यंत चढतो. जून २०२४ च्या अखेरीस लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातील पाच जण असेच अचानक वाढलेल्या लोंढ्यात वाहून गेले, आणि तेही काही मिनिटांपूर्वी उथळ वाटणाऱ्या प्रवाहात उभे असताना. पाणी गढूळ होऊ लागले, त्यातून पाचोळा आणि काटक्या वाहू लागल्या किंवा वरून घोंघावल्यासारखा आवाज आला, की कुणालाही विचारत न बसता काठावरून वर सरकावे. परतीच्या वाटेवर ओढा ओलांडावा लागणार असेल तर ती वाट पावसाळ्यात मुलांसह घेऊच नये, पाऊस नसला तरी. धबधब्याखाली भिजण्यापेक्षा समोरून पाहावा. याबाबतीत मुलांचा हट्ट चालू देऊ नये, आणि वडिलांचाही.

प्रश्न : माझ्या आईला सापांची फार भीती वाटते. साप किंवा मधमाश्या चावल्या तर जंगलात काय करायचे?
— वाचक, सातारा

उत्तर : आईंना सांगावे की साप माणसाला पाहण्याआधीच जमिनीच्या कंपनाने ओळखतो आणि बहुधा निघून जातो. दंश होतात ते पाय पडल्यामुळे किंवा न पाहता हात घातल्यामुळे. म्हणून पाचोळ्यातून चालताना काठी आपटत चालावे, आडव्या पडलेल्या लाकडावर आधी पाय ठेवून पलीकडे पाहावे आणि मगच उतरावे, दगडाखाली हात घालू नये.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते आणि ते ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतून मिळते. त्यामुळे निघण्यापूर्वी जवळचे रुग्णालय कुठे आहे हे माहीत करून घेणे ही खरी तयारी होय. दंश झालेल्याला बसवावे किंवा आडवे करावे, अंगठ्या, बांगड्या आणि घट्ट बूट काढावेत, हातपाय फळीचा आधार देऊन हलू न देता ठेवावा आणि १०८ क्रमांकाला कळवावे. आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, चोखणे, मांत्रिकाकडे नेणे यांत जो वेळ जातो तोच जिवावर बेततो. साप मारून सोबत नेण्याची गरज नसते, दुरून छायाचित्र मिळाले तर उत्तम. पावसाळ्यात झुडपांवर दिसणारा हिरवा चापडा मात्र या चौघांत मोडत नाही. त्याचा दंश अतिशय वेदनादायक असला तरी क्वचितच प्राणघातक ठरतो, तरीही रुग्णालयात जावेच.

खरे सांगायचे तर सह्याद्रीत सहलींना सापांपेक्षा आग्या मोहोळाचा त्रास अधिक होतो. कड्याला किंवा उंच झाडाला लोंबणारे ते काळे पोळे दिसले की आवाज बंद, धूर बंद, दगड तर नाहीच. त्या दिवशी अत्तर आणि उग्र वासाचे तेल लावू नये. माश्या उठल्याच तर हात उडवत उभे न राहता डोके आणि तोंड कपड्याने झाकून शक्य तितक्या लांब, दाट झाडीतून किंवा बंद गाडीपर्यंत पळावे. पाण्यात उडी मारू नये, कारण त्या वर वाट पाहत राहतात. जंगलात न धावण्याचा जो नियम बिबट्यासाठी सांगितला, तो इथे उलटा आहे, हे मुलांना नीट समजावून द्यावे.

प्रश्न : मुले दहा मिनिटांत कंटाळतात. वाघ नाही, हरीण नाही, मग जंगलात पाहायचे काय, असे विचारतात.
— वाचक, नाशिक

उत्तर : मुलांना लांबचे दाखवू नये, हाताच्या अंतरावरचे दाखवावे. ऐनाचे झाड आपल्याकडच्या बहुतेक रानात असते. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी भेगाळलेली असते, आणि एकदा ती हाताने चाचपली की मूल पुढची सगळी ऐनाची झाडे स्वतःच ओळखू लागते. फांदीवर नारळाएवढा किंवा त्याहून मोठा, काळपट, कागदी पापुद्र्यांचा गोळा दिसला तर ते मुंग्यांचे घर असते. दुर्बीण असेल तर ती त्यावर रोखून त्यात गोल भोक आहे का ते पाहावे. तांबूस सुतार नावाचा पक्षी या चावऱ्या मुंग्यांच्या घरातच भोक पाडून आपली अंडी घालतो. मुंग्या त्याला कसे राहू देतात, या प्रश्नावर मुले अर्धा तास वाद घालू शकतात आणि तेवढ्यात दोन फर्लांग वाट सरते.

कोरड्या धुळीत नरसाळ्याच्या आकाराचे छोटे खड्डे असतात, त्यांच्या तळाशी एक कीटक दबा धरून बसलेला असतो. गवताच्या काडीने कड हलकेच हलवली की तो आतून मातीचे कण उडवतो. एकदाच हलवावे, खड्डा मोडू नये. आपण नाशिकचे आहात म्हणून आणखी एक सुचवतो : मेअखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या परिसरात काजव्यांनी झाडेच्या झाडे उजळतात. तिथे गाडी गावात ठेवून पायी जावे आणि विजेरी व भ्रमणध्वनीचा उजेड बंद ठेवावा, कारण नर-मादीची भेट त्या लुकलुकण्यावरच ठरते आणि आपला झगझगाट त्यात व्यत्यय आणतो. शनिवारची रात्र टाळली तर अंधार खराखुरा मिळतो.

प्रश्न : वाटेवरची करवंदे, फुले, मोरपिसे मुलांना घेऊ द्यावीत का?
— वाचक, महाड

उत्तर : अभयारण्यात काहीही उचलू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथली वनस्पतीही संरक्षित आहे. देवराईत तर पडलेली काडीही नेत नाहीत, आणि कायद्याचा विषय बाजूला ठेवला तरी ती गावाची श्रद्धा आहे. करवंदे, जांभळे, तोरणे खायचीच असतील तर घाटात द्रोण घेऊन बसलेल्या बायकांकडून विकत घ्यावीत.

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत सावंतवाडीहून गोव्यात जाणार आहोत. समुद्र पुष्कळ पाहिला, गोव्याचे जंगल पाहावे असे वाटते. माकडतापाविषयी ऐकले आहे, त्याचे काय?
— वाचक, मुंबई

उत्तर : लहान मुले असतील तर फोंडा तालुक्यातले बोंडला हे सुमारे ८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य बरे, तिथल्या वाटा आटोपशीर आहेत. थोडे अधिक चालायची तयारी असेल तर काणकोण तालुक्यातील खोतीगाव अभयारण्यात जावे. तिथल्या उंच मचाणावर सकाळी लवकर पोहोचावे आणि दिसणाऱ्या प्राण्यांची यादी करण्याऐवजी पक्ष्यांचे आवाज ऐकावेत. मोले येथील भगवान महावीर अभयारण्यातून दूधसागरकडे जाणाऱ्या अधिकृत जीपगाड्या असतात. रेल्वेच्या रुळांवरून चालत धबधब्याकडे जाण्याचे जे प्रकार चालतात त्यांत मुलांसह सामील होऊ नये. तो गुन्हा आहे, आणि त्या मार्गावर बोगदेही आहेत.

माकडतापाची चौकशी आपण केली हे बरे झाले. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात या रोगाचा विषाणू प्रथम सापडला आणि गेल्या दशकात तो सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुका व गोव्यातील सत्तरी तालुक्यातही आढळला. तो माणसाकडून माणसाला होत नाही, गोचिडांच्या चाव्यातून होतो, आणि डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम आहे, म्हणजे आपली सहल त्यात येते. त्यासाठी जंगल टाळण्याची गरज नाही, पण मुक्काम करण्यापूर्वी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या गावाची स्थिती विचारावी. पाचोळ्यावर बसू नये, बसायचे झाल्यास जाड सतरंजी अंथरावी आणि ती झटकून मगच गाडीत ठेवावी. फिकट रंगाचे कपडे घालावेत म्हणजे गोचीड चढताना दिसते. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मुक्कामी परतताच सर्वांनी कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने आंघोळ करावी आणि मुलांच्या कानामागे, काखेत व गुडघ्यांच्या मागे गोचीड चिकटलेली नाही ना, हे उजेडात तपासावे. परतल्यानंतर पंधरा दिवसांत एकाएकी कडक ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना आपण कोणत्या तालुक्यातील जंगलात गेला होता हे आपणहून सांगावे, कारण मुंबईच्या दवाखान्यात तो प्रश्न विचारला जाईलच असे नाही.